दीड तास म्हणजे १.३० नव्हे

"सर, दहावीपर्यंत पोरगं हुशार होतं. पीयूसीला गेल्यापासून फिजिक्समध्ये मार्कच पडंनात. सायन्स सोडवून कॉमर्सला घालू काय?" खानापूर तालुक्यातून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मराठी शाळेतून इंग्रजीतल्या पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गेलेल्या मुलांचे आईबाप मला हेच विचारतात.

मी आधी वही मागतो. गणित असं: ताशी ७२ किलोमीटर वेगाची बस ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने मंदावते, थांबेपर्यंत किती अंतर जाईल? सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, उत्तर ६४८ मीटर. त्यावर लाल फुली.

"तुमच्या स्टॉपवर ब्रेक मारला तर बस कुठं थांबंल?"

पोरगं हसलं. "शाळा ओलांडून शिवारात जाईल की, सर."

त्यानं ताशी किलोमीटरचे ७२ मीटर प्रति सेकंदात न बदलता तसेच घातले होते. १००० मीटर भागिले ३६०० सेकंद, म्हणजे ५/१८. ७२ चे झाले २०. मग अंतर ५० मीटर. सूत्रात वेगाचा वर्ग असतो, त्यामुळं ३.६ पटीची चूक वाढून जवळजवळ १३ पट झाली. (नुसतं ५/१८ पाठ करू नये, पोरं ते हमखास उलटं लावतात.)

पुढच्या पानावर मात्र मीच थबकलो. ताशी ६० ने १ तास ३० मिनिटं; यानं १.३० ने गुणून ७८ किलोमीटर काढले होते.

"दीड तासात किती जाईल?"

"नव्वद." पटकन, तोंडी.

"मग वहीत अठ्ठ्याहत्तर कसे?"

तो बराच वेळ पानाकडं बघत राहिला. सव्वा, दीड, पावणेदोन हे त्याच्या घरात दिवसभर चालतं. इंग्रजीत गणित आलं की तेच तास-मिनिटं पैशांसारखी टिंब देऊन लिहायची. याला कच्चं पोरगं म्हणायला माझं मन होईना.

आईला म्हटलं, "ताई, कॉमर्सचं सहामाहीनंतर बघू." त्याला एकच काम दिलं: दिलेले आकडे आधी समासात बदलून घ्यायचे आणि प्रत्येक ओळीत आकड्यामागं एकक लिहायचं. कंटाळवाणं आहे, मान्य.

तीन आठवड्यांनी वही परत आली. एका ठिकाणी ४५ मिनिटांचे ०.४५ तास झालेच होते. पण ते त्यानंच खोडून शेजारी मराठीत लिहिलं होतं: पाऊण.