पहाटे मलूल पडणारी पिल्लं: औषधाआधी ऊब बघा

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं कळलं: दिंडोरीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गावरान क्रॉसची १०० पिल्लं आणून चार दिवस झाले आणि त्यातली अकरा गेली. दुपारी सगळी पळतात, खातात. सकाळी बघावं तर काही पंख सोडून पेंगत असतात, काहींच्या शेपटीखाली पांढरं चिकटून वाळलेलं असतं. वर एक ६० वॉटचा पिवळा बल्ब आहे आणि उजेडासाठी एक एलईडी. दुकानदाराने अँटिबायोटिकची पुडी दिली, ती पाण्यातून चालू आहे, फरक नाही. आता दुसरं कोणतं औषध द्यावं, असं तुम्ही विचारलंत.

दुसरं औषध आत्ता नको. जंतूंनी आजारी पडलेलं पिल्लू दुपारीही आजारीच दिसतं. दुपारी उठून खाणारं आणि पहाटे कोलमडणारं पिल्लू बहुतेक वेळा रात्री गारठलेलं असतं. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान धरून ठेवता येत नाही. आजूबाजूला जेवढी ऊब, तेवढंच ते तग धरतं. आणि आपल्याकडचा हिवाळा तुम्हाला मी सांगायला नको. निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, काही वर्षी त्याच्याही खाली जातो, दिंडोरीत फार वेगळं नसतं. ज्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, त्या रात्री पत्र्याखालच्या चार दिवसांच्या पिल्लांचं काय होत असेल याचा अंदाज करा. दुपारी तोच पत्रा तापतो, म्हणून सगळं ठीक वाटतं.

तुमच्या ब्रूडरला, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेला, खरी ऊब फक्त त्या ६० वॉटच्या बल्बची आहे. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास देत नाही. पूर्वी कोणताही बल्ब लावला तरी चालायचं, कारण सगळेच पिवळे आणि तापणारे होते. आता दुकानात पिवळा बल्ब सहज मिळत नाही आणि लोक नकळत एलईडी लावतात. साधा हिशेब असा की एका पिल्लामागे दोन वॉट, कडाक्याच्या थंडीत तीन. म्हणजे १०० पिल्लांना २०० ते ३०० वॉट. १०० वॉटचे तीन पिवळे बल्ब लावा, नाहीतर २५० वॉटचा एक इन्फ्रारेड बल्ब. मला तीन बल्ब जास्त बरे वाटतात, एक गेला तरी दोन उरतात. टोपी किंवा पत्र्याची थाळी उलटी लावून उष्णता खाली वळवा, आणि बल्ब नुसत्या वायरवर न लोंबकळवता साखळीने किंवा तारेने पक्का बांधा. तुसावर पडलेल्या बल्बने शेड पेटतं.

थर्मामीटर घ्या. भिंतीवर टांगू नका, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर, बल्बच्या झोताच्या कडेला ठेवा. पहिल्या आठवड्यात तिथे ३२ ते ३५ अंश सेल्सियस हवं. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत २१-२२ पर्यंत आणायचं. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. बल्बपासून लांब, चोच उघडी टाकून, पंख पसरून बसली असतील तर उष्णता जास्त झाली. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून वारा शिरतोय. वर्तुळभर विखुरलेली, काही खातायत, काही झोपलीत, आवाज मंद, असं दिसलं की जमलं. हे रात्री अकराला नका बघू, तेव्हा जमीन अजून उबदार असते. पहाटे चार ते सहाच्या मध्ये जाऊन बघा. आज रात्री दुसरं काही जमलं नाही तरी हे एवढं कराच.

कोपरे बुजवा. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, सकाळी कोपऱ्यात चपटी सापडतात. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड-दोन फूट उंचीचा चिक गार्ड गोल लावा. १०० पिल्लांना पहिल्या आठवड्यात सहा-सात फूट व्यासाचं वर्तुळ पुरतं, नंतर दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या. वर्तुळात उबदार भाग हवा आणि थोडा कमी उबदार भागही हवा, म्हणजे पिल्लू आपल्या सोयीने जागा निवडतं.

गोणपाट आणि ताडपत्रीने शेड बंद करताना वरची फूटभर जागा मोकळी सोडा. पूर्ण बंद केलेल्या शेडमध्ये विष्ठेतला अमोनिया साठतो. तुम्ही आत जाऊन पिल्लांच्या उंचीला वाका आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांचे चोवीस तास चुरचुरतायत. हीच गोष्ट कोळशाच्या बुखारीची. लाईट गेल्यावर बुखारी हा चांगला आधार आहे, पण धूर बाहेर काढणारा पाइप नसेल तर कार्बन मोनॉक्साइडने पिल्लंही जातात आणि शेडमध्ये झोपलेला माणूसही. अशा शेडमध्ये कोणीही झोपू नये. बुखारी नसेल तर रात्री लाईट जाण्याच्या वेळा लक्षात घेऊन गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून वर्तुळात ठेवा आणि वरून गोणपाटाचं सैल आच्छादन करा. तासाभराचा खंड त्यावर निभतो, रात्रभराचा निभत नाही.

आता पाणी. तुम्ही पाण्याबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि बरीच मरतुक तिथे असते. पिल्लू अंड्यातून निघताना पोटात बलकाचा साठा घेऊन येतं, त्यावर ते दोन-तीन दिवस काढतं. म्हणूनच हॅचरीतून (अंडी उबवणी केंद्रातून) लांबचा प्रवास झेपतो. साठा संपेपर्यंत त्याने खायला-प्यायला शिकलं पाहिजे. नाही शिकलं तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते उपाशी मरतं, ड्रिंकर (पाण्याचं भांडं) दोन फुटांवर असतानाही. तुमची पिल्लं नेमकी याच वयाची आहेत.

तपासायची रीत सोपी आहे. रात्री दहाच्या सुमाराला दहा-पंधरा पिल्लं वेगवेगळ्या जागांवरून उचला आणि मानेखाली उजव्या बाजूची अन्नपिशवी बोटाने चाचपा. भरलेली आणि मऊ, पिठाच्या गोळीसारखी लागली तर खाल्लंय-प्यायलंय. भरलेली पण कडक, दाणे टोचतात, म्हणजे खाल्लंय पण पाणी मिळालं नाही. पूर्ण रिकामी, म्हणजे ते पिल्लू उपाशी झोपतंय. त्याच वेळी पाय गालाला लावून बघा. पाय गार लागले तर थंडी आहे, थर्मामीटर काहीही म्हणो. पायांची कातडी सुकून सुरकुतली असेल, शिरा वर दिसत असतील तर पाणी कमी पडलंय.

उपाशी पिल्लांची चोच एकेकदा पाण्यात बुडवून सोडा. एकाला जमलं की शेजारची बघून शिकतात. ड्रिंकरच्या थाळीत गोट्या किंवा धुतलेले खडे टाका, नाहीतर अशक्त पिल्लू त्यातच भिजतं आणि भिजलेलं पिल्लू थंडीत वाचत नाही. पहाटेचं टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, ते तसंच ओतू नका, कोमट करून भरा. औषधाची पुडी पाण्याला कडू चव आणते, पिल्लं पाणी कमी पितात, हेही लक्षात घ्या. आणि द्राक्षाच्या फवारणीचा ड्रम किंवा बादली पाण्यासाठी कितीही धुतली तरी वापरू नका. आपल्या भागात ही चूक सहज होते, कारण शेडशेजारी तीच बादली हाताशी असते.

गुळाचं पाणी पहिल्या काही तासांपुरतं ठीक, प्रवासाचा थकवा जातो. ते चार-चार दिवस चालू ठेवलं तर संडास पातळ होते आणि ड्रिंकरमध्ये बुरशी धरते. त्यापुढे साधं स्वच्छ पाणी, फार तर इलेक्ट्रोलाइट.

शेपटीखाली चिकटलेल्याबद्दल. गारठा, प्रवास, अचानक बदललेलं खाद्य यांनी संडास चिकट होते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ते मऊ होऊ द्या, हळूच पुसा, ओढू नका, कोवळी कातडी सोलते. मग पूर्ण कोरडं करून बल्बखाली सोडा. पण एक बघा: चिकटलेलं आहे ते शेपटीखाली की थोडं पुढे, पोटावर? पोटावरची बेंबी असेल, ओली, काळपट, सुजलेली आणि वास येणारी असेल, तर तो बेंबीचा संसर्ग आहे. तो हॅचरीतून किंवा घाणेरड्या लिटरमधून, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसातून येतो. ती जागा खरवडू नका. असं पिल्लू क्वचितच वाचतं, ते वेगळं काढा.

खाद्य कोणतं देताय? अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य घरात उरलेलं असतं म्हणून पिल्लांना घालणारे मी पाहिलेत. त्यात अंड्याच्या कवचासाठी पिल्लाच्या गरजेपेक्षा तिप्पट-चौपट कॅल्शियम असतं आणि कोवळी मूत्रपिंडं त्याने निकामी होतात. चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य द्या, २० टक्क्यांच्या वर प्रथिनांचं. पहिला दिवसभर मक्याचा बारीक भरडा चालतो, पुढे त्यावर भागत नाही. आणि मका कुबट वासाचा असेल तर तो कितीही स्वस्त असो, पिल्लांना नको.

तूस घोटीच्या भातगिरण्यांवरून आणलंत का? चांगलं असतं, पण गोण्या पावसात भिजून सुकलेल्या असतील तर आत बुरशी असते. बुरशीचे कण फुप्फुसात गेले की पिल्लं मान लांब करून, चोच उघडून श्वास घेतात आणि घरघर मात्र फारशी ऐकू येत नाही. त्यावर औषधाचा उपयोग होत नाही, तूस बदलावं लागतं. नुसत्या वर्तमानपत्रावर पिल्लं ठेवली असतील तर तेही काढा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि तशीच अधू होतात. पहिले दोन दिवस तुसावर खडबडीत कागद, मग नुसतं दोन-तीन इंच तूस.

पिल्लं कोणत्या वयात मरतात ते लिहून ठेवत चला, कारण औषधापेक्षा ती नोंद डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते. पहिल्या तीन-चार दिवसांतली मरतुक बहुधा हॅचरी, प्रवास, थंडी आणि पाणी यांची. पहिल्या आठवड्यात आणि थोडी पुढे बेंबीचा संसर्ग, बुरशी, आणि साल्मोनेला जंतूची पांढरी हगवण, जी कोंबडीपासून अंड्यातून येते. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ताची हगवण, ओल्या लिटरमधून. पायाची बोटं आत वळली तर बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता बघतात. तुमच्या चौथ्या दिवशी रक्ती हगवणीचं औषध कोणी देऊ केलं तर घेऊ नका.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट लिहिते. चालू असलेल्या पुडीचं नाव घेऊन आजच पशुवैद्यकांना फोन करा, ती पुढे द्यायची की थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या. पुडीवर कोलिस्टिन लिहिलं असेल तर लगेच बाजूला ठेवा. माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी ते औषध आहे, म्हणून २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्याच्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याचा वापर बंद केला. आज मेलेलं ताजं पिल्लू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, बर्फावर ठेवून, गोठू न देता शवविच्छेदनाला न्या. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ पडतो. तिथून गरज पडली तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. पोट उघडून बलक शोषला गेलाय का, एवढं दिसलं तरी अर्धे तर्क बंद होतात.

उबेची आणि पाण्याची व्यवस्था सुधारून दोन रात्री गेल्यावरही मरतुक वाढत असेल, किंवा मोठ्या कोंबड्याही एकदम मरायला लागल्या, तोंड सुजलं, तुरा निळा पडला, तर घरचे उपाय थांबवून त्याच तासाला दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या शेजारी नंदुरबारच्या नवापुरात निघाला. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी काय सोसलं ते उत्तर महाराष्ट्रातल्या कोंबडीवाल्यांना ठाऊक आहे. लपवून फायदा होत नाही, मेलेल्या कोंबड्या कालव्यात टाकून तर मुळीच नाही. खोल खड्डा, चुना, वर माती. आजारी पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना पिल्लं गालाला लावू देऊ नका, साल्मोनेला माणसालाही होतो.

सातव्या दिवशी लासोटाची (राणीखेत रोगाची) लस ठरली असेल तर मलूल पिल्लांना देऊ नका. बॅच सावरली की दोन-चार दिवस उशिरा दिलेली लस चालते, पण किती उशीर करायचा ते डॉक्टरांना विचारा.

आज रात्री जी अगदी मलूल आहेत त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळं काढा, खाली खडबडीत कापड, वर स्वतंत्र बल्ब, ३५ अंशांच्या आसपास. आधी ऊब द्या, पाय गरम लागले की मगच पाणी. गार पिल्लाच्या चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. ग्लुकोजच्या कोमट पाण्याचा थेंब चोचीच्या कडेला लावा, ते स्वतः गिळेल. पिपेट घशात घालू नका. तासाभराने परत बघा. उभं राहून चिवचिवायला लागलं की मोठ्या वर्तुळात लगेच सोडू नका, एक रात्र खोक्यातच राहू द्या, पण सोबतीला दुसरं एक ठेवा. एकटं पिल्लू खात नाही.

उद्या पहाटेचं तापमान, रात्री रिकाम्या अन्नपिशवीची किती निघाली, आणि पुडीवरचं नाव, एवढं कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.