कोसीला बांधून ठेवण्याचा खर्च

बिहारमध्ये कोसी नदीच्या तटबंधांवर, म्हणजे काठच्या मातीच्या बांधांवर, सरकार इतका खर्च करतं. हा पैसा केंद्राचा की राज्याचा? (सोलापूर)

दोघांचा. तटबंध हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय. केंद्र फक्त मदत करतं. पूरव्यवस्थापन आणि सीमाक्षेत्र कार्यक्रमात बिहारसारख्या राज्याच्या मंजूर पूरकामाला 60 टक्के केंद्र देतं, 40 टक्के राज्य. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी अख्ख्या देशाला मिळून या कार्यक्रमात 4,100 कोटी रुपये ठेवले होते. त्यातून नवं काम निघतं, बांधाची उंची वाढते. पण उंदीर-घुशींची बिळं बुजवणं, खचलेली माती भरणं ही वर्षानुवर्षांची देखभाल राज्याने स्वतःच्या तिजोरीतून करायची. बीळ बुजवल्याची कोनशिला कोणी बसवत नाही, हे तुम्ही जाणताच.

2008 साली तटबंध फुटला तो पाणी जास्त झालं म्हणूनच ना? (पुणे)

नाही, आणि हेच समजून घेण्यासारखं आहे. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहाजवळ पूर्वेचा तटबंध फुटला, तेव्हा नदीत साधारण 1.44 लाख क्युसेक पाणी होतं. बांधाची क्षमता होती 9.5 लाख क्युसेक. म्हणजे सहाव्या हिश्शाहूनही कमी पाण्यात तो गेला. कोसी हिमालयातून प्रचंड गाळ आणते. पूर्वी ती हा गाळ पसरत पसरत पात्र बदलायची; दोन-अडीच शतकांत शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली. 1954 च्या भारत-नेपाळ करारानंतर तिला दोन बांधांमध्ये कोंडलं, तेव्हापासून गाळ तिथेच साचून तळ वर येत गेला. त्यात प्रवाह पूर्वेच्या बांधाला लागला आणि पायथा कुरतडत राहिला. कुसहाच्या त्या भागाची देखभालही करारानुसार भारताकडेच होती. बांध फुटल्यावर नदी जुन्या वाटेने सुपौल, मधेपुऱ्यात घुसली. तिथल्या लोकांनी पन्नास वर्षांत कोसीचं पाणी पाहिलं नव्हतं. तीस लाखांवर माणसांना झळ बसली.

मग तटबंधांचा उपयोगच नाही का? (नागपूर)

बांधाबाहेरच्याला उपयोग असतो, तो टिकेल तोवर. पण आकडे बघा: 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बिहारमध्ये सुमारे 160 किलोमीटर तटबंध होते, आज 3,700 किलोमीटरच्या वर आहेत. याच काळात पूरप्रवण क्षेत्राचा सरकारी आकडा 25 लाख हेक्टरवरून 68 लाखांच्या पुढे गेला. शिवाय कोसीच्या दोन तटबंधांच्या आत तीनशेहून जास्त गावं आहेत. त्यांच्या पुराची सोय सरकारनेच करून ठेवलीय.

कोसी-मेची जोडप्रकल्पाने पूर थांबेल? (ठाणे)

मुळात ती कोसीचं पाणी कालव्याने मेची नदीकडे नेणारी सिंचनाची योजना आहे. तिचा कालवा फार तर 20 हजार क्युसेक नेईल. सप्टेंबर 2024 मध्ये कोसीवरच्या बॅरेजमधून, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यातून, 6.61 लाख क्युसेक पाणी सुटलं होतं.

सांगलीत कृष्णेला अशी भिंत बांधावी का? (सांगली)

2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हापासून हा प्रश्न मला वारंवार येतो. कृष्णा कोसीइतका गाळ आणत नाही, तेवढा फरक मान्य. पण सांगलीत पाणी नाल्यांतूनही उलटं चढतं. भिंत बांधली तर प्रत्येक नाल्यावर दरवाजा हवा, आणि तो बंद असताना शहरात पडलेला पाऊस पंपाने बाहेर फेकायला हवा. भिंतीने अडवलेलं पाणी समोरच्या काठावरच्या मळीच्या रानात चढेल, तेव्हा त्या शेतकऱ्याला आधी विचारा. आणि निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूररेषेच्या, आत जे बांधकाम झालंय, त्याचं काय करायचं ते भिंतीच्या निविदेआधी ठरवा.