पिल्लांवर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम: इंजेक्शनचा किती, आईच्या जिभेचा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मे महिन्यात पांढऱ्या उंदरांच्या (रॅट) नवजात मादी पिल्लांना टेस्टोस्टेरॉन हे नर-हॉर्मोन टोचायचं, मोठेपणी त्यांच्या बहिणींशी तुलना करायची आणि जो फरक दिसेल तो हॉर्मोनचा म्हणायचा.

तसं म्हणता येणार नाही. निदान या आराखड्यावर तरी नाही.

पाया पक्का आहे. 1959 साली संशोधक फीनिक्स आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगवर दाखवलं की गर्भावस्थेत मिळालेलं टेस्टोस्टेरॉन मोठेपणीच्या वागण्याची घडण ठरवतं. उंदरात हॉर्मोनचा असा परिणाम होण्याची खिडकी गर्भाच्या साधारण 18व्या दिवशी उघडते आणि जन्मानंतर आठ-दहा दिवसांत मिटते. गंमत अशी की मेंदूत शिरलेल्या टेस्टोस्टेरॉनचं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) इस्ट्राडायोल, म्हणजे एक इस्ट्रोजेन (मादी-हॉर्मोन) करतं आणि बरंचसं काम तेच करतं. मग आईच्या इस्ट्रोजेनने सगळ्याच माद्या नर-वळणाच्या का होत नाहीत? कारण पिल्लांच्या रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्राडायोलला धरून ठेवतं, टेस्टोस्टेरॉनला मात्र सोडून देतं. माणसात हे प्रोटीन इस्ट्राडायोलला तसं धरत नाही आणि तिथे अँड्रोजेनच्या (नर-हॉर्मोनच्या) ग्राहींचं (रिसेप्टरचं) वजन जास्त दिसतं. म्हणून निष्कर्षात माणसाला ओढू नका.

मात्रेसाठी संशोधक बॅराक्लो यांचा जुना आकडा चालेल: 5व्या दिवशी 1.25 मिग्रॅ टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट, तिळाच्या तेलात, कातडीखाली. तेल 0.05 मिलीच ठेवा. सुई हळू काढा आणि जागा बोटाने थोडा वेळ दाबून धरा. घाईत हमखास चूक होते ती इथेच: तेल बाहेर येतं, आई ते चाटते, आणि कुणाला किती मिळालं याचा हिशेब संपतो. नियंत्रण गटालाही, म्हणजे तुलनेच्या बहिणींनाही, तेवढंच नुसतं तेल टोचायचं.

आता खरा घोळ. संशोधक सिलिया मूर यांनी उंदरांवर दाखवलं की आई नर पिल्लांचा गुदद्वार-जननेंद्रियाजवळचा भाग माद्यांपेक्षा जास्त चाटते, आणि तेही लघवीच्या वासावरून. टेस्टोस्टेरॉन टोचलेल्या माद्यांनाही ती जास्त चाटते! आईची वास घेण्याची क्षमता कमी केली तर चाटणं घटतं, आणि अशा नर पिल्लांच्या मज्जारज्जूत, शिश्नाचे स्नायू चालवणाऱ्या पुंजक्यात, चेतापेशी कमी भरतात. म्हणजे तुमच्या सुईने पिल्लाचा मेंदूही बदलला आणि आईचं वागणंही. दोन्ही एकाच खात्यात टाकले तर परीक्षक पहिला प्रश्न इथलाच विचारतील.

म्हणून घरट्याची नोंद ठेवा. टोचल्या दिवसापासून 6 दिवस, दिवसातून 5 वेळा, दरवेळी सव्वा तास, दर 3 मिनिटांनी एक नजर. अंग चाटणं आणि खालचा भाग चाटणं हे रकाने वेगळे ठेवा. एक फेरी अंधारात, लाल दिव्यावर घ्या. प्रत्येक आईकडे 8 पिल्लं ठेवा, आणि गणितात एकक पिल्लू नव्हे, आई. 6 आयांची 48 पिल्लं म्हणजे तुमचा नमुना 6, 48 नाही.

आणि मे? राजेहो, नवतपात नागपूर 45 अंशांच्या आसपास जातं, आणि डेझर्ट कूलरने खोली गार कमी, दमट जास्त होते. 1972 साली संशोधक इंगेबोर्ग वॉर्ड यांनी गाभण माद्यांना शेवटच्या आठवड्यात उष्णता, प्रखर प्रकाश आणि कोंडून ठेवण्याचा ताण दिला, तर नर पिल्लांचं मोठेपणीचं नर-वर्तन घटलं. पुढे कळलं की तणावात गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनच्या उसळीची वेळच चुकते. प्राणिगृहात बॅकअपसह एसी नसेल तर तुमचा उन्हाळाच एक न मोजलेला हॉर्मोन-प्रयोग होऊन बसेल.

प्राणी-नैतिकता समितीचा अर्ज पावसाळ्यातच द्या आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जोड्या लावा. 21-22 दिवसांनी, डिसेंबरच्या मध्याला पिल्लं होतील. फेब्रुवारीअखेर ती 70 दिवसांची झाली की रोज सकाळी एकाच वेळी योनिस्राव तपासा, सलग तीन आठवडे. टोचलेल्या माद्यांत 4-5 दिवसांचं ऋतुचक्र मोडून स्लाइडवर रोज त्याच शृंगी (केराटिनने कडक झालेल्या) पेशी दिसत राहतील.