सकाळचा खडखडाट: इंजिन खोलायच्या आधी सेकंद मोजा

प्रश्न: नमस्कार काका, माझ्याकडं 2015 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 94 हजार किलोमीटर झालीय. दिवाळी झाल्यावर थंडी पडली तसा सकाळी पहिला सेल्फ मारला की खडखड आवाज यायलाय, डब्यात खिळे घालून हलवल्यावाणी, तीन-चार सेकंद, मग आपोआप बंद. दिवसभर परत काहीच नाही. मिस्त्रीकडं नेली तर तिथं आवाजच येईना, तरी तो म्हणायलाय बेअरिंग गेलेत, इंजिन खोलावं लागंल. कापसाचे पैसे अजून हातात नाहीत, एवढा खर्च कुठून करू?
(एक वाचक, जिंतूर)

उत्तर: भाऊ, आत्ता इंजिन खोलू देऊ नका. तुम्ही पत्रात दोन गोष्टी फार कामाच्या लिहिल्यात, एक म्हणजे आवाज फक्त सकाळच्या पहिल्या सेल्फला येतो आणि दुसरं म्हणजे तीन-चार सेकंदात थांबतो. बेअरिंग असं वागत नाही हो. बेअरिंग गेलं की जड ठोका येतो, ढक ढक असा खालून, आणि इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं की तो वाढतो, चढाला ॲक्सिलेटर दिला की अजून वाढतो. तुमचा आवाज तर गाडी गरम व्हायच्या आतच जातोय.

रात्रभर गाडी उभी राहिली की वरचं ऑइल खाली चेंबरमधे उतरतं. सकाळी पंपाला ते परत वर चढवायला थोडा वेळ लागतो. बऱ्याच गाड्यांत टायमिंग चेन, म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी, ताणून धरणारा टेन्शनर ह्याच ऑइलच्या प्रेशरवर चालतो, प्रेशर येईपर्यंत चेन ढिली राहते आणि गाइडवर, म्हणजे तिला वाट दाखवणाऱ्या पट्टीवर, आपटते, तोच तुमचा खिळ्यांचा डबा. एखादा सेकंद आवाज आला तर मी फार मनावर घेत नाही, पण तीन-चार सेकंद म्हणजे ऑइल उशिरा पोचतंय नाहीतर चेन-टेन्शनर झिजलेत, आणि ह्या दोन्हीतला फरक इंजिन न खोलता कळतो.

मिस्त्रीला आवाज आला नाही कारण तुम्ही गाडी चालवत नेली, ती गरम झाली, ऑइल वरच होतं. त्याला गाडी थंडच दाखवायची. एकतर रात्री त्याच्याकडंच ठेवा नाहीतर सकाळी सहाला त्याला घरी चहाला बोलवा आणि तो येईपर्यंत चावीला हात लावू नका. ते जमत नसेल तर मोबाईलवर शूटिंग करा, बोनेट उघडं ठेवून, एक जण सीटवर आणि एक जण मोबाईल घेऊन, आणि शूटिंग सेल्फ मारायच्या आधीपासून चालू पाहिजे म्हणजे सेकंद मोजता येतात. डॅशबोर्डवरची लाल ऑइलची लाईट कधी विझते तेही बघा, लाईट आणि आवाज सोबतच गेले तर ऑइलवर संशय पक्का.

आता इंजिनमधली ऑइल मोजायची पट्टी काढून लेव्हल बघा आणि मागच्या सर्व्हिसला कोणतं ऑइल टाकलं ते बिलावर बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 43-44 ला जातो म्हणून बरेच मिस्त्री सरसकट 20डब्ल्यू-50 टाकून देतात, घट्ट ऑइल चांगलं म्हणून. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो, जेवढा लहान तेवढं ऑइल थंडीत लवकर वाहतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आपण हिवाळ्यात वाचतोच की, अशा सकाळी गाडीच्या पुस्तकात 5डब्ल्यू-30 लिहिलं असताना 20डब्ल्यू-50 टाकलं तर ते वर चढायला वेळ घेणारच.

आणि फिल्टर. मागच्या जानेवारीत माझ्याकडं एका शिक्षकांची गाडी आली होती, अगदी हीच तक्रार. रात्री ठेवून घेतली आणि सकाळी सेल्फ न मारता फिल्टर काढला, तो आडवा बसणारा होता, तर आत ऑइल जेमतेम, जवळजवळ रिकामाच. करवतीनं कापला. आत एक रबरी पडदा असतो, रात्री ऑइल मागं जाऊ नये म्हणून, तो अंगठ्यानं दाबला तर वाकायच्या ऐवजी कडेनं चिरला, एवढा कडक झालेला. चांगला फिल्टर आणि पुस्तकातलं ऑइल टाकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज नाही. काही शे रुपयांचं काम. तोंड वर करून उभा बसणारा फिल्टर असंल तर मात्र तो तसाही भरलेलाच राहतो, मग ही परीक्षा उपयोगाची नाही.

अजून एक करून बघा. बऱ्याच इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला तर पेट्रोल बंद होतं आणि इंजिन नुसतं फिरतं. थंड गाडीला असं पाच-सहा सेकंद फिरवा, मग पाय काढून नेहमीसारखी चालू करा. आवाज आला नाही तर ऑइलचं प्रेशर उशिरा येणं हेच मूळ. गाडी पाय दाबलेला असतानाच चालू झाली तर लगेच पाय काढा, तुमच्या गाडीत ती सोय नाही.

ऑइल-फिल्टर बदलूनही खडखड तशीच राहिली किंवा दर आठवड्याला लांबत गेली तर मात्र थांबू नका. ढिली चेन दात सोडून सरकली तर बहुतेक इंजिनात वॉल्व्ह पिस्टनला जाऊन भिडतात, मग खरंच इंजिन खोलावं लागंल. तेव्हा चेन, टेन्शनर आणि गाइड सगळं सोबतच बदला. तोवर सकाळी चालू केल्या केल्या रेस करू नका.

ज्यांच्या गाडीत आवाज चार-पाच मिनिटं राहून हळूहळू जातो त्यांनी हे सगळं स्वतःला लावून घेऊ नका. ते बहुतेक पिस्टन ढिला असण्याचं, गरम होऊन फुगला की गप्प बसतो, अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. फसफस करत टिकटिक असंल तर एक्झॉस्टचं गॅस्केट बघा. आणि पत्र्यासारखा आवाज असंल तर गाडी थंड असताना सायलेन्सरवरचा पत्रा मुठीनं ठोकून बघा, एक क्लॅम्प लावला की संपलं.

प्रश्न: माझी डिझेल जीप सकाळी ठकठक करते, पांढरा धूर सोडते, दोन-तीन मिनिटांनी नॉर्मल. डिझेल पंप उतरवू का?
(एक वाचक, औसा)

उत्तर: पंपाला हात लावू नका, आधी हीटर प्लग तपासा, म्हणजे सेल्फ मारायच्या आधी सिलेंडर तापवणारे प्लग. थंड सिलेंडरमधे डिझेल उशिरा पेटतं आणि मग एकदम पेटतं, त्याचाच तो ठोका, आणि न जळालेलं डिझेल म्हणजे तो पांढरा धूर. चावी फिरवून हीटरची लाईट विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. मिस्त्रीला एकेक प्लग मीटरवर बघायला सांगा, तुटलेला प्लग लगेच दिसतो. पण गाडी गरम झाल्यावरही धूर पांढराच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असंल तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट दाखवून घ्या.