डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह तपासणारी सोनोग्राफी) नाळेचा रक्तप्रवाह कमी आला, म्हणजे बाळाची वाढ थांबली का?

तेवढ्यावरून तसं ठरत नाही. नाळेतल्या दोन धमन्या बाळाकडून वारेकडे रक्त नेतात. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की अडथळा वाढतो आणि रिपोर्टमध्ये पीआय (हा अडथळा दाखवणारा आकडा) जास्त येतो. पडद्यावर प्रत्येक ठोक्याला एक शिखर आणि मग उतार दिसतो. उतार आलेखाच्या शून्य रेषेच्या वर राहिला तर दोन ठोक्यांमध्येही रक्त पुढे जातंय. तो रेषेला टेकला तर काळजीचं आहे: बहुधा दाखल करतात, प्रसूती साधारण 33-34 आठवड्यांत, रेषेखाली गेला तर 30-32 आठवड्यांत. वाढ थांबली का, हे किमान दोन आठवड्यांच्या अंतराने पोटाचा घेर आणि अंदाजे वजन मोजूनच कळतं. हालचाल कमी वाटली तर मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.