आधी प्रशिक्षण की आधी पैसा? आधी तपास करणारा मोकळा करा

तुमच्या भावाची मोटारसायकल चोरीला गेली, ठाण्यात चार हेलपाटे झाले, दर वेळी "तपासी अंमलदार बंदोबस्ताला गेलेत" हेच ऐकलं. मग तुम्ही विचारलंत, पोलीस सुधारायचे तर सुरुवात कुठून करायची: प्रशिक्षण, उत्तरदायित्व की निधी? मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, नोकरी बरीचशी याच कोल्हापूर जिल्ह्यात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर तुमच्या त्या हेलपाट्यांतच आहे. तो अंमलदार बहुतेक खरोखरच बंदोबस्तावर असणार. चैत्रात जोतिबाची यात्रा, पावसाळ्यात पंचगंगा चढली की रात्रभर नदीकाठ, मग गणपती, लगोलग अंबाबाईचं नवरात्र, आणि मंत्र्यांचे दौरे बारा महिने. साक्षीदाराला जबाबासाठी बोलवायचं आणि त्याच वेळी आपण बिंदू चौकात उभं राहायचं, हे मी कित्येकदा केलंय. तो बिचारा ठाण्यात वाट बघून निघून जायचा, पुन्हा यायचा नाही. कागद हातात घ्यायचे ते रात्री अकरानंतर. अशा माणसाला कितीही शिकवा, पंचनामा घाईतच उरकणार.

सुप्रीम कोर्टानं पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, हा त्यातलाच एक. पोलीस महासंचालकांच्या नेमणुकीवर, बदल्यांवर भरपूर चर्चा होते. माझ्या लेखी मात्र सामान्य फिर्यादीच्या कामाचा निर्देश हाच. प्रत्येक ठाण्यात चार माणसं अशी हवीत, की यात्रा असो वा दौरा, त्यांना तपासावरून हलवायचं नाही.

आता प्रशिक्षण. तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आणखी महिना वाढवून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. आपला खटला कोर्टात का पडला, हे तपास करणाऱ्याला कुणी सांगतच नाही, खरी उणीव ती आहे. माझ्या एका गुन्ह्यातला आरोपी सुटला. जप्तीच्या मुद्देमालाचं सील नीट नव्हतं, हे मला दोन वर्षांनी एका वकिलाकडून कळलं. तोवर तीच चूक मी किती ठिकाणी केली असेल! गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं नेमकं हेच सांगितलंय: आरोपी सुटला की त्या निकालाची छाननी करा, चुका प्रशिक्षणात शिकवा, कसूर करणाऱ्यावर जबाबदारी ठेवा. महिन्यातून एकदा सरकारी वकिलांना ठाण्यात बसवून असे दोन निकाल वाचून घेतले, तरी पुष्कळ होईल.

उत्तरदायित्वाचं म्हणाल तर प्रकाश सिंह खटल्यात कोर्टानं पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं तक्रार प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात सांगितलं होतं. आपल्या राज्याच्या २०१४ च्या कायद्यात ते विभागावर आलं, आणि आपला विभाग पुणे. जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडच्या म्हातारीनं हवालदाराविरुद्ध पुण्याला जायचं का? हायकोर्टासाठी कोल्हापूरकर किती वर्षं भांडले, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसू लागलं. प्राधिकरणाचीही महिन्याला एक बैठक इथं व्हावी, यासाठी तेवढाच जोर लावायला हवा.

पैशाबद्दल थोडकंच. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गाड्या येतात, फोटो निघतात. नव्या कायद्यानं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. त्याचा आणि तपासाच्या प्रवासाचा खर्च ठाण्याच्या हातात आगाऊ हवा. फिर्यादीला गाडीत डिझेल टाकायला लावणं बंद व्हायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

भावाचं काम मात्र थांबवू नका. गुन्हा अजून नोंदवलाच नसेल तर त्याच संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. तिथंही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. नोंदवला असेल तर कलम १९३(३) प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा.