पहिल्या पावसानंतर दिव्याजवळ येणारी पंखवाली वाळवी कच्ची खाल्ली तर चालते का?

नाही, कच्ची खाऊ नका, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यावर पोरं दिव्याखालून उचलून थेट तोंडात टाकत असतील तर त्यांना आधी थांबवा. कोंबडी-मासे आपण आतडं काढून खातो, वाळवी मात्र पोटासकट खातो, म्हणजे तिच्या पोटातली माती न् बॅक्टेरिया सगळंच आत जातं, मग जुलाब-उलट्या, आणि लहान पोराच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. खाणं वाईट नाहीये हो, प्रोटीन चांगलं असतं, फक्त पंख काढून ५ मिनिटं खळखळ उकळा, मग तव्यावर कुरकुरीत भाजा आणि लगेच संपवा, कारण काही बॅक्टेरियाचे बीजाणू (त्यांचं टणक, झोपलेलं रूप) उकळूनही टिकतात आणि ओलसर उरलेलं रात्रभर तसंच ठेवलं की परत वाढतात. पण भाजल्याने सगळंच जात नाही, कापसावर मारलेलं औषध तसंच राहू शकतं म्हणून फवारलेल्या शेताजवळची नकोच. आणि ज्याला झिंगे खाऊन अंगावर गांधी येतात त्याने भाजलेलीही खाऊ नये, ओठ सुजले किंवा दम लागला तर घरी वाट न बघता सरळ दवाखाना.